पोटाचा घेर आणि पोटाचा प्रश्न

पोटाचा प्रश्न हा समाजवादी चळवळीचा आद्य प्रश्न. १९६३ साली डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांवर दिवस काढणाऱ्या २७ कोटी माणसांचा हिशेब मांडला आणि सत्ताधाऱ्यांच्या समृद्धीच्या गोष्टींना छेद दिला. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि दरडोई दररोज २२५० उष्मांक ज्याच्या पदरी पडत नाहीत तो दरिद्री, अशी मोजपट्टी देशाला दिली. माझ्या पिढीचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी याच मोजपट्टीवर वाढले. भूक म्हणजे उष्मांकांची तूट आणि न्याय म्हणजे ती तूट भरून काढणे, हे समीकरण आपल्या मोर्च्यांत, निवेदनांत आणि जाहीरनाम्यांत पक्के बसले. त्या काळी ते योग्यच होते.

आज त्याच कष्टकऱ्यांच्या वस्तीत वेगळे दृश्य दिसते. रिक्षाचालक, इमारतीचा पहारेकरी, दिवसभर शिलाईयंत्रावर वाकलेली बाई, बारा तास गल्ल्यामागे उभा असलेला दुकानातला नोकर यांचे हातपाय काटकुळेच आहेत. पोटाचा घेर मात्र वाढला आहे. चाळिशीच्या आत मधुमेह, पन्नाशीत हृदयविकाराचा झटका, साठीच्या उंबरठ्यावर निकामी झालेली मूत्रपिंडे, ही आता श्रीमंतांच्या बंगल्यांतली कहाणी राहिलेली नाही. तरीही वाढते वजन हा विषय निघाला की आपल्या बैठकांतून हलके हसू उमटते. ‘खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची दुखणी’ म्हणून तो बाजूला सारला जातो. या हसण्याची किंमत कोण मोजतो, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख प्रौढांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाभोवती चरबी साठलेल्या प्रौढांचे प्रमाण ३९.५ टक्के आढळले. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के निघाले. याच पाहणीचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला आधीचा टप्पा आपल्यासाठी अधिक बोलका आहे. आर्थिकदृष्ट्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरी भागांत मधुमेह वरच्या थरापेक्षा खालच्या थरात अधिक आढळला. म्हणजे रोग श्रीमंतांच्या दारातून आत आला आणि आता गरिबांच्या घरी मुक्कामाला उतरला. क्षयाने शंभर वर्षांपूर्वी जी जागा गिरणगावात पटकावली होती, ती जागा घेण्यास हा रोग निघाला आहे.

शरीरात काय घडते

या रोगाचे मूळ समजून घेणे अवघड नाही, आणि कार्यकर्त्याने ते समजून घेतलेच पाहिजे. जेवणातील पिष्टमय पदार्थांची साखर होऊन ती रक्तात उतरते. स्वादुपिंड इन्शुलिन नावाचा स्राव सोडते आणि त्या स्रावाच्या सांगण्यावरून स्नायू, यकृत व चरबीच्या पेशी ही साखर आत घेतात. शरीर बसून राहू लागले, स्नायू कमी झाले आणि चरबी त्वचेखाली मावेनाशी होऊन यकृतात व आतड्यांभोवती साठू लागली, की पेशी इन्शुलिनचे ऐकेनाशा होतात. वैद्यकशास्त्र याला इन्शुलिनचा प्रतिरोध म्हणते. मग तेवढ्याच कामासाठी स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्शुलिन सोडावे लागते. हे वर्षानुवर्षे चालते. या काळात रक्तातील साखर बऱ्याचदा सामान्यच दिसते, म्हणून माणूस निर्धास्त असतो. स्वादुपिंड थकले की साखर वाढते आणि मग आपण म्हणतो, ‘अचानक मधुमेह निघाला.’ तो अचानक निघालेला नसतो. दहा-पंधरा वर्षे तो आपल्या घरातच राहत असतो.

त्याच्या खुणाही असतात. मानेवर आणि काखेत त्वचा काळसर, जाडसर, मखमलीसारखी होते. घरातली माणसे मळ समजून ती घासत बसतात. तरुण मुलींची पाळी अनियमित होते. गरोदरपणात साखर वाढते आणि बाळंतपणानंतर उतरली की सारे विसरून जातात. वस्तुतः पुढील आयुष्यातील मधुमेहाची ती पूर्वसूचना असते. आणि सर्वांत साधी खूण शिंप्याच्या टेपने मोजता येते. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की तपासणी करून घ्यावी असे भारतीय वैद्यकतज्ज्ञ सांगतात.

भारतीय शरीराची गोष्ट वेगळी सांगावी लागते, आणि ती सांगणारे मोठे काम आपल्या पुण्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. तिथल्या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ लहान; पण त्याच्या अंगावर स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी राखलेली. वरून रोड, आतून चरबीयुक्त. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी आपले दोघांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापून हेच दाखवून दिले. दोघांची उंची आणि वजन यांचे गुणोत्तर अगदी सारखे, २२.३. परंतु एकाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, दुसऱ्याच्या शरीरात २१.२ टक्के. दुसरे शरीर अर्थातच भारतीय होते. म्हणून युरोपात ज्या वजनाला कुणी बोट लावणार नाही, त्या वजनालाही आपल्याकडे धोका असू शकतो.

याचा अर्थ काय होतो? गर्भात असताना ज्याने उपासमार सोसली, त्याचे शरीर टंचाईला सज्ज होऊन जन्माला येते. पुढे त्याला स्वस्त पिष्ट आणि साखर मुबलक मिळाली व अंगमेहनत सुटली, की तेच शरीर त्याच्यावर उलटते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींच्या नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला होता. त्या वेळी गर्भात असलेली मुले पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्या शरीराची साखर पेलण्याची शक्ती इतरांपेक्षा कमी भरली. आपल्याकडे तर १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, सुकडीवर दिवस काढणाऱ्या मातांची मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. भूक आणि लठ्ठपणा ही परस्परविरोधी टोके आहेत असे आपण समजत आलो. प्रत्यक्षात ती एकाच अन्यायाची दोन पर्वे आहेत.

उष्मांक मिळाले, अन्न मिळाले का?

इथे अर्थशास्त्राकडे वळले पाहिजे. १९७० आणि ८० च्या दशकांत दांडेकर आणि पां. वा. सुखात्मे यांच्यात उपासमारीच्या मोजमापावरून मोठा वाद झडला. माणसाला किमान किती उष्मांक लागतात आणि शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते काय, यावर विद्वत्तापूर्ण लेख लिहिले गेले. सुखात्मे यांचे आणखी एक प्रतिपादन होते: उष्मांक पुरेसे मिळाले की धान्य आणि डाळ यांच्या आपल्या आहारातून प्रथिनेही पुरेशी मिळतात; तेव्हा प्रथिनांच्या तुटीची वेगळी ओरड नको. दोन्ही पक्षांचे युक्तिवाद प्रामाणिक होते. परंतु धोरण ठरवणाऱ्यांनी त्यातून सोयीचा तेवढा अर्थ उचलला. पोट भरा, मग कशाने का भरेना.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. हा कायदा आपल्या चळवळीच्या दीर्घ लढ्याचे फळ आहे आणि त्याला धक्का लावणाऱ्यांशी आपण लढलेच पाहिजे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळू लागले. पण हे धान्य म्हणजे मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ नाही, तेल नाही. कायद्यात भरड धान्याची तरतूद असूनही महाराष्ट्रातील गरिबाच्या ताटातील ज्वारी-बाजरीची भाकरी मागे हटत गेली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक राष्ट्रीय पाहणीत भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के केवळ पिष्टमय पदार्थांतून येतात असे आढळले. त्यातील मोठा भाग पांढरा तांदूळ, दळलेला गहू आणि साखर यांचा आहे. त्यातील अवघे पाच टक्के जरी डाळी, दूध अशा प्रथिनांनी भरून काढले, तरी मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, असा त्या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

मग डाळ का नाही? उसाची रास्त व किफायतशीर किंमत कायद्याने ठरते आणि ती चौदा दिवसांत देण्याचे बंधन कारखान्यावर असते. तुरीला हमीभाव जाहीर होतो. खरेदीला मात्र तशी कायद्याची हमी नाही. २०१७ साली तुरीचे पीक उदंड आले तेव्हा खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या आणि बारदान नाही म्हणून खरेदी थांबली, हे शेतकरी विसरलेला नाही. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यामागे शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवण्याचे स्वप्न होते. त्या स्वप्नाचा मान राखूनही असे म्हणावे लागते की, पाणी, पतपुरवठा आणि राजकारण उसाभोवती एकवटलेल्या राज्यात साखर स्वस्त आणि डाळ महाग राहणे हा योगायोग नव्हे.

करांचेही तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली, तेव्हा बिस्किटे, फरसाण, झटपट शेवया, चॉकलेट हे सारे पाच टक्क्यांच्या टप्प्यात आले. साखरयुक्त शीतपेयांवर चाळीस टक्के कर ठेवला, हे ठीक झाले. परंतु पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर आणि चिवड्याच्या पाकिटावर ज्यांचा दिवस निघतो, त्यांना सरकारने काय सुचवले? मेक्सिकोने २०१४ साली साखरयुक्त पेयांवर कर बसवला. चिलीने २०१६ साली साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या प्रत्येक पाकिटावर काळा अष्टकोनी इशारा छापणे सक्तीचे केले. आपल्या अन्न प्राधिकरणाने २०२२ साली जो मसुदा काढला, त्यात इशाऱ्याऐवजी तारे देण्याची कल्पना होती. रोगाला तारे वाटण्याची ही कल्पना कुणाच्या हिताची, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

उपाय आहे, आणि तो सिद्ध झालेला आहे

इथपर्यंत आपले साथी माझ्याशी सहमत होतील. आपल्याला व्यवस्थेवर टीका करणे आवडते. पुढचे मात्र थोडे अप्रिय आहे. व्यवस्था बदलेपर्यंत शरीर थांबत नाही. ज्याचे स्वादुपिंड आज थकत चालले आहे, त्याला ‘क्रांतीनंतर पाहू’ असे सांगता येत नाही. आणि त्याला आज करता येण्याजोगे बरेच काही आहे.

चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी केलेला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांचे गट पाडले. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला त्यांच्यापैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोक मधुमेही झाले. ज्यांना आहारातील साखर व मैदा कमी करणे, चोथायुक्त पदार्थ वाढवणे आणि रोज अर्धा तास भरभर चालणे यांचे मार्गदर्शन सातत्याने मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. मेटफॉर्मिन या जुन्या, स्वस्त गोळीनेही जवळपास तेवढाच लाभ झाला. विशेष म्हणजे मार्गदर्शन मिळालेल्यांचे वजन फारसे उतरले नव्हते. काट्यावरचा आकडा हलला नाही म्हणून निराश होणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. स्नायू कामाला लागले की आतले गणित काट्याच्या आधी बदलू लागते.

ज्याचे वजन खरोखर जास्त आहे, त्याने ते उतरवल्यास लाभ अधिक मोठा. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वजन सात टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे हे उद्दिष्ट होते. मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. चित्रपटातील नटासारखे शरीर कमावण्याची ही गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली जाहीर झालेल्या प्रयोगात तर ज्यांना मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक काळ झाला नव्हता, अशांना काही महिने सुमारे ८५० उष्मांकांच्या आहारावर ठेवले. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधावाचून मधुमेहाच्या पातळीखाली आली. पुढे वजन परत येत गेले तसे हे प्रमाण घसरले, हेही सांगितले पाहिजे. बदल टिकवणे हेच खरे काम असते.

या सर्व प्रयोगांत एक समान धागा आहे आणि तो उपदेशकांच्या नजरेतून सुटतो. लोकांना ‘कमी खा, जास्त चाला’ असे सांगून घरी पाठवले नव्हते. त्यांच्यामागे प्रशिक्षित माणूस होता. तो ठरावीक दिवसांनी भेटत होता, तपासण्या होत होत्या, औषधांचे प्रमाण बदलले जात होते, अडचणी ऐकून घेतल्या जात होत्या. ब्रिटनचा प्रयोग मोठ्या रुग्णालयात न होता वस्तीतील साध्या दवाखान्यांतून झाला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०१६ पासून असा प्रतिबंधक कार्यक्रम सरकारी खर्चाने सुरू केला. बाजारपेठेची आरती ओवाळणाऱ्या अमेरिकेतही वृद्धांच्या सरकारी विम्यातून २०१८ पासून त्याचा खर्च दिला जातो. मग आपल्याकडे हा विषय खासगी आहारतज्ज्ञांच्या शुल्कावर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींवर का सोडला आहे?

वैद्यकीय आधाराचा आग्रह मी धरतो तो उगाच नाही. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात ‘दिवसातून दोनदाच जेवा’ आणि ‘दर दोन तासांनी खा’ या दोन पंथांत घरोघरी वाद रंगला होता. त्या वादात पुष्कळ लोक प्रथमच आपल्या ताटाकडे डोळसपणे पाहू लागले, हा त्याचा लाभ. पण इन्शुलिनची टोचणी किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याने वैद्याला न विचारता जेवण सोडले, तर साखर एकाएकी घसरून तो बेशुद्ध पडू शकतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने ऐकीव माहितीवर प्रथिनांचा मारा केला, तर अपाय होतो. थायरॉइडचे विकार आणि स्टेरॉइडसारखी औषधे वजन वाढवतात. तिथे नुसत्या चालण्याने भागत नाही. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि रक्तक्षयामुळे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीचा आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून उपाशीपोटीची तपासणीही जोडीला करावी लागते. आणि उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी खाणे म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट खाणे होय, हे सांगणारा एखादा जाणता माणूसही जवळ असावा लागतो.

इच्छाशक्ती आणि अवकाश

उलट बाजूने एक आक्षेप येतो. ‘हे सारे माणसाच्या इच्छाशक्तीवर आहे, त्यात राजकारण कशाला आणता?’ ज्याला हा प्रश्न पडतो त्याने पहाटे पाचला डोंबिवलीहून निघून रात्री दहाला परतणाऱ्या माणसाचा दिवस मोजावा. तो चालणार कधी? झोपणार किती? अपुरी झोप आणि रात्रपाळी यांनीही इन्शुलिनचा प्रतिरोध वाढतो, हे सिद्ध झाले आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे, ही कामगार चळवळीची जगभरची घोषणा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. तो निर्णय गुंतवणुकीच्या नावाने झाला. त्याचा हिशेब पुढे रुग्णालयांच्या बिलांत उमटेल आणि ती बिले गुंतवणूकदार भरणार नाहीत.

स्त्रीची स्थिती आणखी बिकट. ती सर्वांत शेवटी जेवते, उरलेला भात टाकवत नाही म्हणून खाते, दिवसभर राबते. पण तिच्या राबण्याला व्यायाम म्हणावा असे त्याचे स्वरूप नसते. संध्याकाळी ‘जरा चालून येते’ असे म्हणण्याची मुभा किती सुनांना आहे? ज्या वस्तीत पदपथ फेरीवाल्याला आणि मोटारीला मिळून पुरत नाही, दिवे नाहीत, कुत्र्यांची भीती आहे, तिथे चालण्याचा सल्ला हा विनोद ठरतो. इच्छाशक्ती असतेच, तिला उभे राहायला जागा लागते. ती जागा निर्माण करणे हे राजकारण आहे.

आणि मग बाजार आपला मार्ग घेऊन येतो. भूक आवरणारी, आठवड्यातून एकदा टोचायची नवी औषधे २०२५ साली भारतात आली. त्यांपैकी टिर्झेपटाइडची किंमत बाजारात आली तेव्हा मात्रेनुसार आठवड्याला साडेतीन हजार ते सुमारे चार हजार चारशे रुपये होती. म्हणजे महिन्याला चौदा ते सुमारे साडेसतरा हजार, एवढा अनेक कामगारांचा पगारही नसतो. ही औषधे खोटी नाहीत. त्यांनी वजन उतरते, साखर आटोक्यात येते, आणि काही रुग्णांना त्यांची खरोखर गरज आहे. परंतु औषध थांबवले की उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो. म्हणजे ज्याला परवडते त्याला आयुष्यभराची वर्गणी आणि ज्याला परवडत नाही त्याला इच्छाशक्तीचे प्रवचन, अशी वाटणी होणार. १९२३ साली बँटिंगचे सहकारी बेस्ट आणि कॉलिप यांच्यासह इन्शुलिनच्या संशोधकांनी आपले पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले होते. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधांवर उत्पादनाचे पेटंट नाकारले आणि जगातील गरिबांना स्वस्त औषधे पुरवणारा उद्योग या देशात उभा राहिला. २००५ साली ते पेटंट परत आले. नव्या औषधांच्या किमतींवर नियंत्रण आणि सरकारी दवाखान्यांतून गरजू रुग्णाला त्यांचा पुरवठा, ही मागणी आपण आताच केली पाहिजे.

आपण काय करावे

मागण्या स्पष्ट असाव्यात. शिधापत्रिकेवर धान्याच्या जोडीला डाळ आणि ज्वारी-बाजरी मिळावी. त्यासाठी तुरीची, हरभऱ्याची आणि ज्वारीची खात्रीची खरेदी व्हावी. यात कोरडवाहू शेतकऱ्याचे आणि शहरातील गरिबाचे हित एकाच सूत्रात येते. खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर स्पष्ट इशारा छापला जावा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी सरकारी योजनेत आहेच. आशाताई घरोघर जाऊन तिचा तक्ता भरतात. पण तक्ता भरल्यानंतर काय? धोका आढळलेल्या माणसाला दर महिन्याला भेटणारे, त्याचे ऐकणारे कुणीतरी हवे. ते काम आशाताईच उत्तम करू शकतील. मात्र त्यांना कर्मचारी न मानता मानधनावर राबवून घ्यायचे आणि वर आणखी एक काम लादायचे, हे चालणार नाही. २०२३-२४ च्या आपल्या संपात त्यांनी जे मागितले, तो या प्रश्नाचाही भाग आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आहाराचा जाणकार, नियमित रक्ततपासणी आणि मेटफॉर्मिनचा अखंड पुरवठा, यांचा खर्च डायलिसिसच्या यंत्रांपेक्षा खचित कमी आहे.

परंतु मागण्या मान्य होईपर्यंत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांचे जीवन या रोगाला आमंत्रण देणारे आहे: रात्रीचे प्रवास, अवेळी जेवण, बैठकीगणिक साखरेचा चहा, सोबत भजी किंवा वडापाव, आणि तासन् तास बसून चाललेल्या चर्चा. ऐन उमेदीत किती जण आपण गमावले आणि किती जण पायाच्या जखमेने घरी बसले, याची यादी प्रत्येक तालुक्याकडे आहे. तेव्हा बैठकीत चहा बिनसाखरेचा ठेवावा. ज्याला हवी त्याने साखर मागून घ्यावी. फरसाणाऐवजी भाजलेले फुटाणे, शेंगदाणे, उसळ ठेवावी. ताटात आधी भाजी, कोशिंबीर आणि डाळ, मग भाकरी, आणि भात थोडा, हा क्रम पाळावा. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालावे. चालते स्नायू रक्तातील साखर स्वतःच उचलतात. कार्यालयात शिंप्याचा टेप आणि रक्तदाबाचे यंत्र असावे, आणि तिमाही बैठकीच्या दिवशी आपल्या सहानुभूतिदार डॉक्टरांनी अर्धा तास द्यावा. ज्यांची औषधे चालू आहेत त्यांनी त्यांच्या सल्ल्याखेरीज जेवणात मोठे फेरफार करू नयेत.

राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून संध्याकाळच्या शाखांतून मुलामुलींना खेळ, कवायत आणि विचार एकत्र दिला. मैदानावर घाम गाळणे आणि बौद्धिकाला बसणे यांत त्या पिढीला विरोध दिसला नाही. तशी प्रौढांची शाखा आज वस्तीवस्तीत का भरू नये? दहा-वीस माणसे, त्यांत निम्म्या स्त्रिया, रोज पाऊण तास एकत्र चालली, तर एकटीने बाहेर पडण्याचा स्त्रियांचा संकोच जाईल, वस्तीतील बंद दिवे कुणाच्या तरी लक्षात येतील, आणि नगरसेवकाच्या दारी अर्जही जाईल. चालणाऱ्यांच्या गप्पांतून मोर्चे निघाल्याचा अनुभव आपल्या चळवळीला नवा नाही.

पोट रिकामे होते तेव्हा आपण त्याच्यासाठी लढलो. आता ते चुकीच्या अन्नाने भरले जात आहे. लढा तोच आहे. फक्त मोजपट्टी बदलायची आहे. किती उष्मांक पोटात गेले याच्या जोडीला, ते खाणारा माणूस साठी-सत्तरीत स्वतःच्या पायांवर चालत मतदानाला जाऊ शकतो की नाही, हेही आता मोजायला लागू या.